नव्या उद्योगाला संकटात आधार का मिळत नाही

भोसरी, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जुन्या यंत्रांवर बसवता येईल असे कंपन मोजणारे उपकरण तयार करायचे आणि बेअरिंग निकामी होण्याआधीच कारखान्याला सूचना द्यायची, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. नोकरी सोडण्यापूर्वी तू विचारले आहेस की, २०२० सारखे संकट पुन्हा आले तर सरकार आणि बँका अशा उद्योगाला तारतील का. त्या वर्षी येथे जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, संकटातली मदत उद्योगाच्या मागील व्यवहारांवरून मोजली जाते, आणि नव्या उद्योगापाशी नेमके तेच नसतात.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि मे महिन्यात केंद्र सरकारने तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्जहमी योजना जाहीर केली. वेगळे तारण नाही, हमी शंभर टक्के सरकारची आणि पहिले वर्षभर मुद्दलाचा हप्ता नाही, अशी ती योजना होती. तिच्यामुळे माझ्या ओळखीचे कारखाने तगले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण कर्ज किती मिळणार, तर २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्क्यांपर्यंत. ज्याच्यावर ५० लाखांचे कर्ज होते त्याला १० लाख मिळू शकत होते. ज्याने स्वतःची बचत आणि घरच्यांचे पैसे घालून नवे काही उभे केले होते, त्याच्या वाट्याला शून्य. नवे करू पाहणारा माणूस बहुधा याच दुसऱ्या गटात असतो, कारण दाखवायला मागील वर्षांचे ताळेबंद नसल्यामुळे बँकेने त्याला मुळात दारात उभे केलेले नसते. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तीही अर्थातच कर्जदारांपुरती होती. गाळ्याचे भाडे आणि कामगारांचे पगार यांना तशी मुभा कोण देणार?

तू म्हणशील, विनातारण कर्जासाठी २००० सालापासून पतहमी निधी आहे. आहे, आणि तो चांगला आहे. पण ती हमी कर्ज बुडाल्यावर बँकेच्या कामी येते. कर्ज द्यायचे की नाही हे बँकच ठरवते. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या हिशोबात थकीत कर्ज, ठरते, त्यामुळे मंदीत कोणताही शाखाधिकारी अनोळखी वस्तूवर सही करायला कचरतो. त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. दोष नियमांच्या रचनेत आहे.

याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची. कारखान्यात नवी वस्तू घ्यायची तर आधी ट्रायल, मग गुणवत्ता विभागाची मंजुरी, मग खरेदी विभाग. संकट आले की पहिली कात्री या ट्रायललाच लागते. आणि माल गेला तरी पैसे कधी येतील? २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. माझे एक मोठे बिल एका कंपनीने त्या वर्षी कितीतरी महिने अडकवले होते, तरी मी तक्रार केली नाही, कारण पुढची ऑर्डर तिच्याकडूनच यायची होती. नव्या उद्योगाचे गिऱ्हाईक तर एखादेच असते, त्यामुळे त्याचा आवाज आणखी दबतो. इकडे बिल फाडले की, पैसे आलेले असोत वा नसोत, त्यावरचा जीएसटी मुदतीत भरावाच लागतो. १ एप्रिल २०२४ पासून मात्र कायद्याच्या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत, प्राप्तिकरातून वजा करता येत नाही, आणि मला ही तरतूद अत्यंत महत्त्वाची वाटते: लहान पुरवठादाराला तोंड उघडावे न लागता तिचा दबाव पडतो.

माणसांचेही सांगायला हवे. गावी गेलेल्या ऑपरेटरच्या जागी दुसरा मिळतो. पण तुझा नमुना आधी का फसला होता, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे तो फिटर निघून गेला, तर ते ज्ञान कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. त्याच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळी ठेव आणि तिला यंत्रखरेदीसाठी हात लावू नकोस.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच महिन्यात कर. गरज नसली तरी बँकेकडून लहानसे कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा काढता-भरता येणारे कर्ज, घेऊन ते नीट फिरवत राहा, म्हणजे पुढच्या वेळी कर्जाच्या आकड्यावरून मदत ठरली तर तुझ्या नावापुढे काहीतरी आकडा असेल. आणि पहिली परचेस ऑर्डर हाती आली की स्वीकारण्यापूर्वी तिची प्रत मला पाठव. पैसे देण्याच्या अटी आपण दोघे मिळून वाचू.

तुझा मित्र