यॉर्कहून पत्र

प्रिय चिमू,
अनेक आशीर्वाद.

आई दमून झोपली आहे, मी हॉटेलच्या खिडकीशी बसून लिहितोय. इंग्लंडातली बाथ, ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड, चेस्टर ही गावं झाली. बस थांबली की टूर लीडर घड्याळावर बोट ठेवतो, "दीड तास!" त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. ड्रायव्हरला मात्र साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे. मला ते फार आवडलं.

बाथला रोमन लोकांचं गरम पाण्याचं कुंड पाहिलं. झऱ्याचं पाणी ४६ अंशांचं, वर वाफ तरंगत असते. आईला वज्रेश्वरी आठवली, पण इथे पाण्यात हात घालू देत नाहीत. तिथे शिशाचे छोटे पत्रे ठेवलेत, त्यांवर लोकांनी सुलिस मिनर्व्हा देवीला लिहिलंय, माझे कपडे चोरणाऱ्याला शिक्षा कर म्हणून. आई म्हणाली, "हे तर आपलं गाऱ्हाणंच की!"

पण तुला लिहायला बसलोय ते यॉर्कसाठी.

इथल्या मिन्स्टरच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, पूर्वेच्या भिंतीत काचचित्रांची एक खिडकी आहे, टेनिस कोर्टाएवढी. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने १४०५ साली कंत्राट घेतलं आणि १४०८ मध्ये पुरं केलं. मुदतीत केलं म्हणून त्याला दहा पौंड वर मिळाले. अलीकडे तिची सगळी ३११ तावदानं उतरवून, साफ करून, नवं शिसं घालून पुन्हा बसवली. २००८ ला घेतलेलं काम २०१८ ला संपलं. मूळ बांधायला तीन वर्षं, सांभाळायला दहा! १९८४ मध्ये एका बाजूचं छप्पर जळालं, तेही पुन्हा उभारलं. आतून छताच्या कमानी जुळतात तिथल्या सहा नक्षीगाठी शाळकरी मुलांच्या चित्रांवरून केल्यात. एकीत चंद्रावर उतरलेला माणूस आहे.

बाकीची मंडळी खरेदीला गेली. मी मिन्स्टरच्या मागे पाथरवटांच्या आवाराशी थांबलो. तुझ्याच वयाची एक मुलगी पांढरट चुनखडीच्या दगडावर छिन्नी चालवत होती. दोनचार ठोके मारायची, फुंकर मारून भुकटी उडवायची, बोटाने कड चाचपायची. मी अर्धा तास उभा होतो. तेवढ्यात तिचा दगड नखभर पुढे गेला असेल.

चिमू, तू सिव्हिलची नोकरी सोडून जुने वाडे दुरुस्त करायला निघालीस, तेव्हा "मोडक्या भिंतींनी पोट भरतं का?" असं मी सगळ्यांसमोर बोललो होतो. महिनाभर अबोला धरला. तू काही बोलली नाहीस, रोज हाताला चुना लागलेली घरी यायचीस आणि मुकाट्याने जेवायचीस. चुन्याने तुझी बोटं फुटली होती, ती मला दिसत होती. तरी मी विचारलं नाही. ते चुकलं माझं. समोर बसून बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

आल्यावर मला तुझ्या वाड्यावर घेऊन चल. चुन्याची घाणी कशी फिरते ते पाहायचंय, आणि तू सांगायचीस ती वाळवी लागलेली तुळईसुद्धा.

उद्या सकाळी साडेसातला बस सुटते, केंब्रिजला. आईने तुझ्यासाठी लोकरीची शाल घेतली आहे, रंग विचारू नकोस, आल्यावर बघ.

तुझे,
बाबा