टाइमशीटमध्ये न दिसणारे तास

महोदय,

दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस 9 तासांवरून 10 तासांचा करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून दोन्ही बाजूंची मते वाचते आहे. एक बाजू म्हणते पिळवणूक वाढणार, दुसरी म्हणते जादा कामाचे दुप्पट पैसे मिळणारच आहेत. झालेले तास कुठेतरी खरे लिहिले जातात, हे मात्र दोघेही धरून चालतात. मी काही वर्षे एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग कंपनीत होते. तिथे ते लिहिले जात नव्हते.

कन्सल्टिंग म्हणजे काय हे माझ्या वडिलांना अजून नीट सांगता येत नाही. 'कंपन्यांना सल्ला देते' असे ते नातेवाइकांना सांगतात आणि 'एवढ्या लहान वयात?' असे ऐकून घेतात. प्रश्न रास्तच आहे. माझ्या वयाइतकी नोकरी झालेल्या माणसांना त्यांचेच काम कसे करावे हे दाखवणाऱ्या टीममध्ये मी होते. सोमवारी पहाटे मुंबई सोडायची, शुक्रवारी रात्री परत. मधले दिवस हॉटेल आणि ग्राहकाच्या कारखान्यातली ट्रेनिंग रूम. दिवसा लाइनवर, स्टोअरमध्ये, पर्चेसच्या फायलींत माहिती गोळा करायची, संध्याकाळी एक्सेल, रात्री डेक. डेक म्हणजे स्लाइड्सचा गठ्ठा. आमचा विकायचा माल तोच. रात्री साडेअकराला पार्टनर, म्हणजे कंपनीचा भागीदार आणि आमचा वरचा साहेब, तो फोनवर चाळणार आणि 'स्लाइड 14, सो व्हॉट?' एवढाच मेसेज टाकणार. आकडे मांडलेत, पण त्यांतून निघते काय, ते मथळ्यात आलेले नाही, असा त्याचा अर्थ. खोटे कशाला बोलू, हा प्रश्न मला आवडायचा. पगार चांगला होता, शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फिटले. माझी तक्रार कामाबद्दल नाही.

तक्रार टाइमशीटबद्दल, म्हणजे कोणत्या प्रकल्पावर किती तास काम केले हे आठवड्याला भरायच्या तक्त्याबद्दल आहे. प्रत्येक प्रकल्पाला एक कोड असतो आणि त्या कोडवर मंजूर तास. शुक्रवारी दुपारी टाइमशीट भरण्याची आठवण करणारी मेल आली की पाठोपाठ मॅनेजरचा फोन यायचा : 'कोडवर बजेट नाहीये गं, पंचेचाळीसच टाक.' आठवडा सत्तर तासांचा झालेला असला तरी पंचेचाळीसच पडायचे.

असे का होते, याचे मूळ प्रस्तावात आहे. काम मिळवताना पार्टनर सांगतो, एक मॅनेजर, तीन कन्सल्टंट, बारा आठवडे. ग्राहकाचा पर्चेस विभाग घासाघीस करतो. दर उतरवला तर पुढच्या वेळीही तोच धरला जाणार, म्हणून दराला हात न लावता आठवडे कापले जातात. बाराचे नऊ होतात, कामांची यादी तशीच राहते. ही तूट भरते ती आमच्या रात्रींतून, आणि टाइमशीटवर ती दिसत नसल्याने प्रकल्प कागदोपत्री फायद्यात निघतो. पुढच्या प्रस्तावाच्या वेळी कोणीतरी जुनी नोंद काढतो : हेच काम नऊ आठवड्यांत, पंचेचाळीस तासांच्या हिशेबाने झाले होते की! मग वाटाघाटी नऊपासून सुरू होतात. मॅनेजरला मी खलनायक ठरवणार नाही. त्याचे वर्षाचे रेटिंग प्रकल्पाच्या मार्जिनवर ठरते, आणि ठरावीक काळात वरच्या पदावर गेला नाही तर त्याला बाहेरचा रस्ता. आमच्यातल्या एखाद्याने खरे तास टाकलेच, तर तो 'स्लो' ठरायचा. (टीमचे आठवड्याचे एकरकमी शुल्क लावणाऱ्या कंपन्यांत हिशेब वेगळा चालतो. मी सांगते आहे ते तासांचा हिशेब ठेवणाऱ्यांचे.)

वाळूजच्या एका कारखान्यात आमच्याकडे लाइन बॅलन्सिंगचे, म्हणजे लाइनवरच्या प्रत्येकाच्या वाट्याला सारखे काम येईल अशी विभागणी करण्याचे काम होते. स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरच्या बाजूला उभे राहायचे. पार्ट उचलला, फिक्स्चरमध्ये बसवला, क्लॅम्प केला, मशीन चालू, पार्ट काढला, गेजवर तपासला. प्रत्येक हालचालीचे सेकंद लिहायचे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हेच करत होता आणि स्वतःला कन्सल्टिंग इंजिनीअर म्हणवत होता, तेव्हा त्याला आमच्या धंद्याचा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. ऑपरेटरने मध्येच घाम पुसला तर ते सेकंद धरायचे की वगळायचे, यावर आमची बरीच चर्चा झाली होती. (धरायचे ठरले.)

भोंगा झाला की पहिली पाळी कार्ड पंच करून बाहेर पडायची. कोणाला थांबवून घेतले तर सुपरवायझर ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) रजिस्टरवर सही करायचे आणि कारखाने अधिनियमाप्रमाणे दुप्पट दराने पैसे मिळायचे. एकदा रात्री अकराच्या सुमारास दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर ट्रेनिंग रूमचे दिवे घालवायला आले. आम्ही तिघे लॅपटॉपला चिकटलेले.

'मॅडम, अजून इथंच? तुमच्या ओटीवर सही कोण करतं?'

'आम्हाला ओटी नसतो.'

'नसू दे. लिहून तरी ठेवतात का?'

माझा सहकारी हसला. मला काही हसू आले नाही, कारण त्याच दिवशी मी त्यांच्या पाळीतले वाया जाणारे सेकंद तक्त्यात भरले होते.

कायद्याकडे जावे तर तिथेही जागा नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 हा गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरील व्यक्तींना लागू होत नाही. अशा पदांची यादी आस्थापनेने संकेतस्थळावर, नाहीतर दर्शनी भागात लावायची असते. आमच्या कंपनीची यादी माझ्या तरी कधी पाहण्यात आली नाही. कॅम्पसमधून आलेली, हाताखाली एकही माणूस नसलेली, दिवसभर एक्सेलच्या ओळी जुळवणारी तेवीस वर्षांची मुलगी व्यवस्थापकीय कशी, हे कुणी विचारत नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजमेंट' छापले की झाले. तेव्हा दिवस 9 तासांचा असो की 10, तिला त्याने काही फरक पडत नाही.

मी ओव्हरटाइमचे पैसे मागत नाही. झालेले तास खरे लिहिले जावेत, एवढेच मागते. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने मे 2019 मध्ये एका स्पॅनिश कामगार संघटनेच्या दाव्यात निकाल दिला की, प्रत्येक कर्मचाऱ्याचे रोजचे तास खरेखुरे मोजणारी व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे. तास मोजलेच नाहीत तर मर्यादा ओलांडली हे कळणार कसे? आपल्याकडे तर मोजायचे यंत्रही नवे घ्यायला नको. लॅपटॉप किती वाजता चालू झाला, कंपनीच्या नेटवर्कला किती वाजेपर्यंत जोडलेला होता, याची नोंद प्रत्येक आयटी विभागाकडे पडलेली असते. ती टाइमशीटच्या शेजारी ठेवून पाहायची एवढेच.

राज्य शासन स्वतः या कंपन्यांचे ग्राहक आहे. मंत्रालयात, महापालिकांत, प्राधिकरणांत 'प्रकल्प व्यवस्थापन कक्ष' या नावाने सल्लागार बसतात आणि निविदांत त्यांचे शुल्क बऱ्याचदा माणशी महिन्याच्या दराने ठरते. कामगार विभागाला नियम बदलायला वेळ लागणार असेल, तर निविदेतच एक अट घालता येईल : दर महिन्याच्या बिलासोबत प्रत्येक सल्लागाराचे प्रत्यक्ष लॉगिनचे तास जोडावेत. त्यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही, संबंधित खात्याच्या सचिवांची सही पुरते.

– एक माजी कन्सल्टंट, ठाणे
(गोपनीयतेच्या करारामुळे नाव छापू नये, ही विनंती. नाव-पत्ता आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे.)