झोपायची सीट विकून बसायची दिल्याबद्दल तक्रार

उद्यमबाग, बेळगाव
दि. 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
नोडल अधिकारी,
प्रवासी तक्रार निवारण विभाग

विषय : 21 जानेवारीच्या दिल्ली–बेंगळूर विमानात पैसे घेऊनही आडवी होणारी सीट न दिल्याबद्दल. फरकाच्या 25,600 रुपयांची डेबिट नोट (येणं रक्कम मागणारा कागद) सोबत.

महोदय,

हे माझं तिसरं पत्र. पहिली दोन तुमच्या वेबसाइटवरच्या चौकोनात, इंग्रजीत, अक्षरं मोजत लिहिली होती. आलेली उत्तरं मशीननं लिहिल्यासारखी वाटली. म्हणून आता मला येतं त्या भाषेत, हवं तेवढं लिहितो. बेळगावात मराठीतून कागद मिळावा म्हणून अर्ज करण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. तुमची तर खासगी कंपनी, मराठी वाचणारं कुणी ना कुणी ऑफिसात असेलच.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, वय 68, राहणार निपाणी. दिवाळीला मुलाकडे नोएडाला गेली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बाथरूममध्ये पाय घसरून पडली. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन तिकडंच झालं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण एका वेळी अर्ध्या तासाच्या वर ताठ बसायचं नाही, या अटीवर.

घरात खलबतं झाली. दाजींचं म्हणणं, गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनहून निघून सरळ बेळगावला येते, खालचा बर्थ घ्यायचा आणि पाहिजे तेवढं आडवं पडायचं. पण दीड दिवस गाडीचे हादरे, त्यात चालत्या डब्यातून संडासापर्यंत जायचं, हे मला पटेना. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरणाऱ्या कुठल्याच विमानात आडवं व्हायची सोय नाही. शेवटी मी बेत केला तो असा, की दिल्ली–बेंगळूर तुमच्या मोठ्या विमानानं झोपून यायचं आणि तिथून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं, सेकंड एसीच्या खालच्या बर्थवर, बेळगाव गाठायचं.

मी काही बिझनेस क्लासचा माणूस नव्हे. पुण्या-मुंबईला जायचं तर अजून रात्रीची स्लीपर बस धरतो. त्यामुळं तिकीट काढण्याआधी सगळं नीट वाचलं. तुमचं मोठं, सीटांमधून दोन वाटा असलेलं विमान परदेशाच्या फेऱ्यांच्या अधेमधे देशातल्या देशातही फिरतं, आणि त्यातली पुढची सीट बटण दाबलं की पाठीपासून पायापर्यंत एका पातळीत येते. त्याच दिवशी त्याच मार्गावर तुमचंच लहान, एका वाटेचं विमानही होतं. त्यातही बिझनेस क्लास आहे, पण ती खुर्ची नुसती मागं कलते. लहान विमानात माणशी 29,500 रुपये, मोठ्यात 42,300. आक्काचे आणि माझे मिळून 84,600 भरले. दोन्ही दरांचा स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून ठेवला होता. धंद्यातली सवय.

ऑपरेशन झालेल्या माणसाला विमानात घ्यायचं तर तुमचा मेडिकल फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. विमान चढता-उतरताना पेशंट ताठ बसू शकेल का, असा त्यात प्रश्न आहे. डॉक्टरांनी लिहिलं, तेवढ्यापुरता बसू शकेल, बाकी वेळ आडवं राहणं आवश्यक. तो फॉर्म वाचून तुमच्या वैद्यकीय विभागानं मंजुरी दिली. या पत्रातलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण तो कागद (सोबत जोडला आहे) जरूर वाचा. आक्काला आडवं राहायला लागणार हे तुम्हाला माझ्याकडून तोंडी कळलं नव्हतं, तुमच्याच फॉर्मवर डॉक्टरांच्या सहीनं लिहिलेलं होतं.

19 जानेवारीला दुपारी मोबाईलवर मेसेज आला, ‘तुमचा सीट नंबर बदलला आहे.’ आधी 4 डी आणि 4 जी होते, ते 2 ए आणि 2 सी झाले. मला वाटलं, दोघांना शेजारीशेजारी दिलंय, बरं झालं. विमानच बदललंय हे त्या मेसेजात कुठंही नव्हतं. म्हणजे तुम्हाला दोन दिवस आधी ठाऊक होतं. तेव्हा नुसतं ‘विमान लहान आहे, सीट आडवी होणार नाही’ एवढं कळवलं असतं तरी मी तारीख बदलली असती. नाहीतर दाजींचं ऐकलं असतं.

व्हीलचेअरवरून दारात पोचलो तेव्हा खरं काय ते कळलं. आक्का त्या रुंद खुर्चीकडं बघून म्हणाली, “ह्यात झोपायचं कुठनं रे?” मी बटण दाबून दाखवलं. पाठ थोडी मागं गेली, पायाखाली फळी आली, आणि कंबर मधोमध तशीच दुमडलेली राहिली. धडधाकट माणसाला ती खुर्ची आरामाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण मांडी आणि पाठ एका रेषेत येत नाही तोवर मणक्यावरचा भार उतरत नाही. शिवाय अर्धवट कललं की माणूस पुढं घसरतो आणि पुन्हा पुन्हा वर सरकून बसावं लागतं. दोन तास चाळीस मिनिटांत आक्का किती वेळा सरकली ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. आडव्या सीटवरही चढता-उतरताना धरून पन्नासेक मिनिटं ताठ बसावंच लागलं असतं, तीसुद्धा दोन तुकड्यांत. तो हिशोब मी डॉक्टरांशी आधीच केला होता. उरलेल्या वेळासाठी तर जास्तीचे पैसे मोजले होते.

विमानातल्या मुलींबद्दल माझी तक्रार नाही. एकीनं ब्लँकेटची गुंडाळी करून कमरेमागं लावली, दोन उशा आणून दिल्या, दर दहा मिनिटांनी येऊन विचारलं. तिच्या हातात याहून जास्त काही नव्हतं. बेंगळूरला उतरल्यावर विमानतळ ते स्टेशन 35 किलोमीटर टॅक्सीच्या मागच्या सीटवर आक्काला आडवं केलं, आणि राणी चन्नम्माच्या बर्थवर पाठ टेकल्यावर ती पहिल्यांदा नीट बोलली, “हे बघ, ह्येला म्हणतात झोपायची शीट.” त्या बर्थचं तिकीट दोन हजारांच्या आत होतं.

पुढं तिला दहा-बारा दिवस दुखलं. एक्स-रे बरा आला. त्या दुखण्याचे पैसे मी मागत नाही, कारण ते किती होतात हे मला मांडता येत नाही.

आता तुमच्या उत्तरांबद्दल. पहिल्या उत्तरात 3,000 रुपयांचं व्हाउचर दिलंत, एका वर्षात पुढच्या प्रवासाला वापरायचं. दुसऱ्या उत्तरात लिहिलंत, की विमान बदलण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते, आणि प्रवाशाला बिझनेस क्लासचं तिकीट होतं, बिझनेस क्लासच मिळाला, सबब वर्ग खाली आणलेला नाही.

माझी फाउंड्री आहे. उद्यमबागेत तीस वर्षं लोखंड ओततोय, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. गिऱ्हाइकानं एसजी आयर्न 500/7 ची, म्हणजे चिवट लोखंडाची, ऑर्डर दिली आणि मी त्याच पॅटर्नवर एफजी 260, म्हणजे साधं ठिसूळ लोखंड, ओतून पाठवलं, तर बाहेरून दोन्ही कास्टिंग सारखीच दिसतात. माप तेच, ड्रॉइंग तेच, दोन्हीला कास्ट आयर्नच म्हणतात. फरक आत आहे. एकात ग्रॅफाइट गोल गोळ्यांसारखं असतं, दुसऱ्यात पापुद्र्यांसारखं, आणि ताण आला की दुसरं तडकतं. ‘कास्ट आयर्न मागितलंत, कास्ट आयर्नच दिलं’ असं मी उत्तर पाठवलं तर गिऱ्हाईक हसेल, आणि हसून झाल्यावर अख्खा लॉट परत पाठवून डेबिट नोट फाडेल. तुमचा मुद्दा नेमका तेवढ्याच वजनाचा आहे. ‘बिझनेस क्लास’ हे तुम्ही दिलेलं नाव झालं. त्याच नावाच्या दोन सीटना एकाच दिवशी दोन दर लावलेत, तेव्हा त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तुम्हीच आधी कबूल केलंय.

डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम मी वाचला आहे. 15 फेब्रुवारी 2023 पासून देशांतर्गत प्रवासात प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर करांसह तिकिटाचे 75 टक्के परत द्यावे लागतात. माझ्या तिकिटावर ते 63,450 होतात. वर्गाचं नाव तेच राहिलं म्हणून हा नियम लागू नाही, ही तुमची पळवाट मला दिसते, आणि तिच्यावर वाद घालत बसायची माझी इच्छा नाही. मी फक्त तुमच्याच दोन दरांतला फरक मागतो. माणशी 12,800, दोघांचे 25,600. दोन्ही दर करासह होते, त्यामुळं वरच्या वर्गावर आता बसणारा 18 टक्के जीएसटी त्यात आलाच.

आणखी एक मागणी, ती पैशाची नाही. विमान बदललं की ‘सीट नंबर बदलला’ एवढंच कळवू नका. ज्यानं आडव्या सीटचे पैसे भरलेत त्याला ती गेली असं स्पष्ट कळवा, आणि तिकीट बिनदंड रद्द करायची मुभा द्या.

30 दिवसांत रक्कम ज्या कार्डावरून आली त्याच कार्डावर जमा करावी. नाही झाली तर सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर आणि तुमच्या अपील अधिकाऱ्याकडं जाईन, आणि तिथंही भागलं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथं तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. आमच्या फाउंड्रीपासून आयोगाचं ऑफिस रिक्षाच्या अंतरावर आहे. तुमच्या वकिलाला मात्र विमानानं यावं लागेल, आणि सांबऱ्याच्या विमानात त्यालाही बसूनच यावं लागेल.

3,000 चं व्हाउचर वापरलेलं नाही. ते रद्द करावं.

आपला,
2 सी वरचा प्रवासी

सोबत : दोन्ही तिकिटं, त्याच दिवशीच्या दोन्ही दरांचा स्क्रीनशॉट, 19 जानेवारीचा मेसेज, मंजूर मेडिकल फॉर्म, डेबिट नोट.