छातीत दुखणाऱ्याला आधी इंजेक्शन, मग नागपूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नागपूरला नेताना वाटेतच मृत्यू’ ही ओळ जिल्हा पानावर वाचण्याची आपल्या वाचकांना सवय झाली आहे. ती होऊ नये म्हणून हे पत्र. विदर्भातल्या गावांत आणि तालुक्यांत हृदयविकाराच्या बाबतीत घाई आणि सबुरी यांची अदलाबदल झाली आहे. हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडते तेव्हा तासच्या तास वाया जातात. उलट चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, अशा माणसाची अ‍ॅन्जिओप्लास्टी (अरुंद नळी फुग्याने उघडून आत स्टेंट नावाची जाळी बसवणे) मात्र दुसऱ्याच दिवशी ठरते. संशोधन याच्या नेमके उलट सांगते, आणि कित्येक वर्षांपासून सांगते.

आधी घाईचे. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधील २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवणारा ‘क्रिएट’ अभ्यास २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ होता ३६० मिनिटे, म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक लागले. ही शहरांतल्या रुग्णालयांची स्थिती. आपल्याकडे हा वेळ कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. “जळजळून राह्यलं, घाम सुटून राह्यला, गॅस झाला असन” इथून सुरुवात होते. मग सोडा, ओवा, गॅसची गोळी, आणि शेवटी कमरेत डायक्लोचे (वेदनाशामक) इंजेक्शन. ते इंजेक्शन दुहेरी नुकसान करते. दुखणे तात्पुरते दबते आणि निदान लांबते. शिवाय पुढे हृदयाच्या नळीतली रक्ताची गाठ विरघळवणारे औषध दिले की सुई टोचलेल्या जागी स्नायूत रक्त साचते. छातीत दुखणाऱ्याला कमरेत किंवा दंडात कोणतेही इंजेक्शन देऊ नये (शीर्षकातले इंजेक्शन वेगळे, ते गाठ विरघळवणारे, शिरेतून द्यायचे). गॅसच्या गोळीने किंवा जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने (नळ्या सैल करणारी गोळी) बरे वाटले, म्हणून ‘हृदयाचे नव्हते’ असा निष्कर्ष तर कुणीच काढू नये. दोन्हींनी बरे वाटलेल्यांत खरे झटके सापडतात.

जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही नव्याने सुरू झालेला दाब, भरून येणे किंवा जळजळ, आणि सोबत घाम, मळमळ किंवा दम: पंधरा मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा, आणि ईसीजी निघेल त्या सर्वांत जवळच्या ठिकाणी जावे. मधुमेही, वयस्कर माणसे आणि बायका यांना छातीत न दुखता नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खावे. ७५ च्या चार गोळ्या चालतात, पण चावूनच, गिळून नव्हे. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये.

आता रुग्णालयाच्या दारापासून पुढचे. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, हा जगभरचा नियम आहे. केसपेपर नंतर काढता येतो. ईसीजीत चुका कुठे होतात ते सांगणे गरजेचे आहे, कारण त्या रोज होतात. घामेजलेली छाती पुसली नाही की आलेख थरथरतो. व्ही-१ आणि व्ही-२ हे वाटीचे लीड (छातीवर लावायच्या तारा) दुसऱ्या बरगडीजवळ लावले जातात. त्यांची जागा चौथ्या फटीत आहे. छातीच्या हाडावर वरच्या बाजूला बोटाला उंचवटा लागतो, तिथे दुसरी बरगडी येऊन मिळते, त्याखालची फट दुसरी, तिथून आणखी दोन फटी खाली यायचे. उजव्या-डाव्या हाताच्या चिमट्यांची अदलाबदल झाली की पहिला लीड उलटा निघतो. मशीन वर ‘नॉर्मल’ छापते त्यावर विसंबू नये. पहिला ईसीजी साफ असला आणि दुखणे चालूच असले तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढावा. व्ही-१ ते व्ही-४ मध्ये रेषा खाली दबलेली दिसली तर पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लावून बघावे, मागच्या भिंतीचा झटका तिथेच सापडतो. खालच्या भिंतीचा झटका (लीड २, ३ आणि एव्हीएफ) हा उलट्या आणि पोटदुखी घेऊन येतो. त्यात उजव्या बाजूचा व्ही-४ काढल्याशिवाय सॉर्बिट्रेट देऊ नये, रक्तदाब एकदम कोसळतो. मोबाईलवर फोटो पाठवताना कागद सपाट ठेवावा, बाराही लीड एका चौकटीत यावेत, आणि वय, दुखणे सुरू झाल्याची वेळ व ईसीजीची वेळ पेनाने लिहावी. मशीनचे घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकलेले असते.

ईसीजीतली एसटी रेषा वर उचललेली दिसली (नळी बंद पडल्याची खूण) की ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणाऱ्या रक्ततपासणीची, वाट पाहायची नाही. ट्रोपोनिन रक्तात चढायलाच काही तास लागतात; सुरुवातीच्या तासांतली निगेटिव्ह कार्ड टेस्ट हा खोटा दिलासा असतो. प्रश्न एकच: निदानापासून दोन तासांच्या आत बंद नळीतून तार पार होईल का? नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा अमरावतीच्या अवतीभवतीच्या गावांना ते जमू शकते, तिथे थेट अ‍ॅन्जिओप्लास्टी उत्तम. भामरागड, सिरोंचा, एटापल्ली, धारणी इथून ते होणारच नाही. तिथे रुग्ण पुढे ढकलणे म्हणजे हृदयाचा स्नायू रस्त्यावर मरू देणे आहे.

तिथे गाठ विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज (गाठ विरघळवणारे जुने औषध) दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. १९९६ साली अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा: औषध पहिल्या तासात दिले तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात दिले तर ३७. गावाहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूरला अशा बदलीत नेमके हेच तास खर्च होतात. प्रत्येक मुक्कामी नवा ईसीजी, नवा कागद, नवी गाडी. पुढे २०१३ च्या ‘स्ट्रीम’ चाचणीत, तासाभरात अ‍ॅन्जिओप्लास्टी होऊ न शकणाऱ्या १,८९२ रुग्णांत टेनेक्टेप्लेज (गाठ विरघळवणारे नवे औषध) देऊन मग अ‍ॅन्जिओग्राफी (नळ्यांचे चित्र काढणे) करणे, आणि थेट अ‍ॅन्जिओप्लास्टीसाठी नेणे, यांची तुलना झाली. महिन्याभरातले मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर आणि पुन्हा झटका मिळून अनुक्रमे १२.४ आणि १४.३ टक्के. म्हणजे तालुक्यातले इंजेक्शन हा दुय्यम, गरिबांचा उपचार नाही. टेनेक्टेप्लेज पुण्यातही तयार होते आणि २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

द्यायची पद्धत सोपी आहे, पण काटेकोर. डोस वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ७० मध्ये ३५, ७० ते ८० मध्ये ४०, ८० ते ९० मध्ये ४५, त्यापुढे ५०. ४० ची बाटली हाताशी आहे म्हणून ५२ किलोच्या शेतमजुराला ती पूर्ण देणे ही गंभीर चूक आहे. पंचाहत्तरीपुढे डोस निम्मा. बाटलीत पाणी घालून हळुवार फिरवावे, हलवून फेस करू नये. सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषध नळीतच साकळते. आधी नळी नॉर्मल सलाइनने धुवावी, मग ५ ते १० सेकंदांत एकदाच सोडावे. सुई डाव्या हाताला लावावी, उजवे मनगट अ‍ॅन्जिओग्राफीसाठी राखावे. सोबत क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम (पंचाहत्तरीपुढे ७५) आणि एनॉक्सापॅरिन, ही दोन्ही नवी गाठ होऊ न देणारी औषधे. स्ट्रेप्टोकायनेजच असेल तर १५ लाख युनिट, ३० ते ६० मिनिटांत. बीपी उतरले तर वेग कमी करावा, आणि ते एकदा दिल्याची ठळक नोंद कार्डावर करावी, कारण ते पुन्हा देता येत नाही. ऑक्सिजन फक्त ९० टक्क्यांखाली.

कधी देऊ नये: पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव, गेल्या सहा महिन्यांत अर्धांगवायू, गेल्या महिन्यात डोक्याला मार, मोठे ऑपरेशन किंवा आतड्यातून रक्तस्राव, महाधमनी फाटल्याचा संशय. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते उतरवावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची भीती आम्ही जाणतो. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तसे झाले तर नातेवाइकांचा रोष त्या खोलीतल्या एकट्या डॉक्टरवर येतो. म्हणून सुई टोचण्याआधी घरच्या दोन माणसांना समोर बसवून हे आकडे साध्या भाषेत सांगावेत: न दिल्यास किती धोका, दिल्यास किती. सही घ्यावी, वेळ लिहावी. जिल्हा रुग्णालयाच्या फिजिशियनने फोनवर ‘द्या’ म्हटले तर तेही कागदावर यावे. वरिष्ठांनी पाठीशी उभे राहिल्याशिवाय ही बाटली कपाटातून बाहेर येणार नाही.

इंजेक्शननंतर लगेच, डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) असलेल्या गाडीत रुग्ण पुढे हलवावा. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा: उचललेली रेषा निम्म्याहून अधिक खाली आली तर नळी उघडली असे धरायचे, अ‍ॅन्जिओग्राफी २ ते २४ तासांत. आली नाही तर पोचताच अ‍ॅन्जिओप्लास्टी. ‘स्ट्रीम’मध्ये ३६ टक्क्यांना अशी तातडी लागली, म्हणूनच इंजेक्शन देऊन रुग्णाला तालुक्यातच ठेवून घेणे बरोबर नाही. तामिळनाडूत गावची रुग्णालये आणि कॅथलॅबची (जिथे नळी उघडतात त्या खोलीची) केंद्रे अशी जोडली तेव्हा वर्षभरातला मृत्युदर १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आला. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

आता सबुरीचे. चढावर किंवा ओझे उचलताना छाती भरते, थांबल्यावर काही मिनिटांत मोकळी होते, आणि हे काही महिने तसेच आहे, तर ती स्थिर अंजायना. (दुखणे नवे असेल, वाढत असेल, बसल्या जागी येत असेल तर वरचा भाग लागू.) ‘इस्केमिया’ चाचणीत, २०२० साली, ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही. निम्म्यांना लगेच अ‍ॅन्जिओग्राफी आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधे. मध्यक ३.२ वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू किती? १४५ आणि १४४. ज्यांना वारंवार दुखत होते त्यांना स्टेंटने आराम जास्त मिळाला, हे खरे, आणि त्यासाठी तो जरूर घ्यावा. पण डाव्या मुख्य नळीचा आजार किंवा फार कमजोर हृदय असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यांचा विचार वेगळा. बाकीच्यांनी ‘आजच करा, नाहीतर उद्या झटका येईल’ या वाक्याला घाबरून शेत गहाण टाकू नये. स्टेंट पाटातला एका जागचा गाळ काढतो. आजार सगळ्या नळ्यांच्या भिंतीत असतो, आणि झटका पुष्कळदा फार अरुंद नसलेल्या जागीच फुटतो. त्या भिंती औषधे सांभाळतात. ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीत सीटी अ‍ॅन्जिओग्राफी झालेल्यांत पाच वर्षांतले झटके आणि हृदयरोगाने मृत्यू २.३ टक्के होते, ती न झालेल्यांत ३.९ टक्के, ते बहुधा मुख्यतः योग्य माणसाला योग्य गोळी सुरू झाल्यामुळे.

गोळ्या म्हणजे अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८०, गरजेप्रमाणे बीपीची आणि नाडीची. चार ते सहा आठवड्यांनी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तपासून ते ५५ च्या खाली आणायचे. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आले’ म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. नॉर्मल आले ते गोळीमुळे. झटक्यानंतर स्टेंट घातलेल्याने क्लोपिडोग्रेल वर्षभर एक दिवसही चुकवू नये, दात काढायच्या वेळीही विचारल्याशिवाय नाही. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. बिडी सोडलेला माणूस खर्रा चालू ठेवतो आणि डॉक्टरही फक्त ‘बिडी-सिगारेट ओढता का’ एवढेच विचारतात. ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता २.२३ पट निघाली. केसपेपरवर खर्ऱ्याचा रकाना असलाच पाहिजे.

आपल्याला विनंती अशी. आपल्या तालुका वार्ताहरांनी प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात: रात्री ईसीजी काढणारे कोण, ते कुणाला दाखवतात, गाठ विरघळवणारे इंजेक्शन आज किती बाटल्या व मुदत कोणती, आणि डीफिब्रिलेटरची बॅटरी चार्ज आहे का. उत्तरे तालुकावार छापावीत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावीत.

आपले,
ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर,
गडचिरोली व यवतमाळ जिल्हा