यात्रेत सायकलींनाही एक दुपार द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तेव्हापासून घरचा फोन आला की पलीकडून कोणीतरी हमखास विचारतं, "आपली पोरं त्या परदेशी सायकलपटूंबरोबर कधी पळणार?" मी वीस वर्षांचा, तासगाव तालुक्यातला. कुठल्याही संघात नाही. वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून घेऊन दिलेल्या सायकलवर बेल्जियममध्ये, औडेनार्डजवळ भाड्याच्या खोलीत राहून सराव करतो. या प्रश्नाचं मला इथे जे उत्तर दिसलं, ते गावोगावच्या यात्रा कमिट्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आपल्या पोरांच्या पायात ताकद कमी नाही. दंडोबा आणि आंबा घाट चढणाऱ्याला इथल्या टेकड्यांची उंची वाटत नाही. इथल्या कोपेनबर्ग टेकडीचा फरसबंदी चढ 22 टक्क्यांपर्यंत जातो, पण तो सहाशे मीटरचाच. तिथे त्रास देतात ते ओले दगड. सीटवरून उठलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सरावाने ते जमतं.

अवघड आहे ते घोळक्यात पळणं. शंभरेक सायकली, ताशी चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा वेग, शेजाऱ्याचं कोपर आपल्या कोपराला लागलेलं आणि समोर काटकोनातलं वळण. इथले शेतरस्ते काँक्रीटच्या पट्ट्यांचे आहेत. दोन पट्ट्यांमधल्या फटीत टायर अडकलं की माणूस आडवा. समुद्राकडून आडवा वारा सुटला की पुढचे स्वार तिरकी रांग धरतात. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. बाकीचे कडेला एकामागे एक लटकतात आणि एकेक करून तुटतात. त्या पुढच्या रांगेत घुसायचं कसं, हे कोच फोनवर शिकवू शकत नाही. पहाटे हायवेच्या कडेने एकट्याने कितीही किलोमीटर मारले तरी ते येत नाही. ते शर्यतीतच येतं, आणि मोसमात इथल्या पोरांना आठवड्यातून दोन-तीन शर्यती सहज मिळतात.

त्या मिळतात गावच्या जत्रेत. नाव नोंदवायला चौकातल्या कॅफेत जायचं. टेबलामागचे आजोबा शर्यतीचं लायसन्स बघतात, नंबर आणि चार सेफ्टी पिना हातावर ठेवतात. सहा-सात किलोमीटरचा फेरा, तोच पंधरा-सोळा वेळा. चौकाचौकात झेंडा घेतलेले गावचेच स्वयंसेवक, वळणावरच्या खांबांना गवताचे भारे. मधेच बेकरीवाला पुढच्या फेरीसाठी बक्षीस लावतो आणि सगळा घोळका पेटतो. मला पंक्चर झालं तर माझी शर्यत तिथेच संपते, कारण मागून चाक घेऊन येणारी गाडी मला नाही. पण तीन-चार दिवसांत शेजारच्या गावात पुन्हा नंबर लावता येतो. शिकणं होतं ते अशा पुन्हा पुन्हा उतरण्यातूनच.

आपल्याकडे कुस्तीचं मैदान असंच भरतं. बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, शेवटी मोठ्या इनामाची जोड लागते, आणि दरवर्षी त्याच मातीत उतरून पोरं तयार होतात. बैलगाडा शर्यतींना 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली, आणि त्यांच्यासाठी परवानगीपासून अॅम्ब्युलन्सपर्यंत सगळी व्यवस्था गावं करतात. तीच माणसं, तीच वर्गणी. सायकलींसाठी फक्त दोन-अडीच तास रस्ता बंद ठेवावा लागेल, वळणावर कडब्याच्या पेंढ्या लावाव्या लागतील, हेल्मेट सक्तीचं करावं लागेल. चैत्रातल्या यात्रांपर्यंत गळीत हंगामही उरकत आलेला असतो, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांची अडचण फारशी येणार नाही. शाळकरी मुलांची शर्यत साध्या सायकलींवर, रेवड्यांवरच घ्या. मुलींची स्वतंत्र घ्या, आणि ती शेवटी उरलेल्या वेळात नको.

इथे येणं हा सगळ्यांसाठी मार्ग नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. मोसम मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन भरात परत फिरावं लागतं. खोलीभाडं, विमा, टायर, सगळं युरोत, आणि युरो शंभर रुपयांच्या वर गेलेला. आमच्या गावात माझ्यापेक्षा जोरात सायकल मारणारा एक पोरगा आहे. तो सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो, त्याच्याकडे पासपोर्टही नाही. त्याला शर्यत गावातच मिळाली पाहिजे.

आमच्या यात्रा कमिटीला मी याबद्दल लिहिलं आहे. आणखी कोणत्या गावाची तयारी असेल तर मार्ग आखायला, खड्डे आणि गतिरोधक बघून घ्यायला, झेंडेवाल्या पोरांना काम समजावून सांगायला मी स्वखर्चाने येईन. पुढच्या महिन्यात व्हिसा संपतो, त्यानंतर मी गावीच आहे.

आपला,
एक सायकलपटू
तासगाव, जि. सांगली (सध्या औडेनार्ड, बेल्जियम)