भुरीची पाठ

रामबाग, इंदूर
१८ जानेवारी

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू "भुरी कशी आहे?" विचारलंस आणि मी "मजेत" म्हणून विषय बदलला. थाप मारली. तेरा वर्षांपूर्वी भर पावसात, शेवेच्या रिकाम्या खोक्यात घालून तूच हे मांजराचं पिल्लू आमच्या जिन्यात ठेवून पळाला होतास. तेव्हा खरं काय ते तुला सांगायलाच हवं.

दिवाळीनंतर तिची पाठ कशीतरीच दिसायला लागली. शेपटीच्या वर केसांच्या गुठळ्या, त्यात कोंडा, हात फिरवला की तेलकट. मांजराचा जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात जातो म्हणतात, आणि आमची तर त्यातली महाराणी. मला वाटलं, थंडी आहे, वय झालं, वर सहा किलोचा देह, आळसावली असेल. आधी ज्या डॉक्टरांकडे नेली त्यांनी टेबलावर घ्यायचीही तसदी न घेता "उमर हो गई है, भिया" म्हणून वाटेला लावलं. खरं सांगू, ते ऐकून मला बरंच वाटलं होतं.

पकडलं ते आईने. "तोंड बघ तिचं, लख्ख आहे. पुढचे पायही चाटलेले. पाठच तेवढी घाण. अरे, तिला मागे वळता येत नाहीये."

आईचा अंबाडा आठवतो ना तुला? गेल्या वर्षी तिने अचानक केस कापून घेतले. "सोपं पडतं," म्हणाली. आम्हीही छान दिसतंय वगैरे म्हटलं. खांदा धरल्यामुळे हात मागे जात नव्हता, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या बाईंनी आधी तोंड उघडून पाहिलं. दात किंवा हिरड्या दुखत असल्या तर मांजर चाटणं सोडतं, पण मग बहुधा लाळ गळते, तोंडाला वास येतो. तसं काही नव्हतं. मूत्रपिंड आणि थायरॉइडसाठी रक्त घेतलं, तेही ठीक. एक्स-रेमध्ये मात्र कंबरेच्या मणक्यांत आणि पुढच्या कोपरांत हाड वाढलेलं दिसलं. संधिवात. "पण ती लंगडत नाही," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे सारखंच दुखत असेल तर लंगडणार कुठल्या पायाने?" १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तर ९० जणांत सांध्यांची झीज निघाली होती, असंही त्यांनी सांगितलं. आणि मी काय करत होतो? गणपतीपासून ती ओट्यावर चढत नाही, दूध वाचतंय, म्हणून खूश होतो!

गुठळ्या मी कात्रीने कापणार होतो. नशीब, कापल्या नाहीत. गुठळीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि ती इतकी पातळ की केसांसकट कापली जाते. बाईंनी मशीनने काढल्या. त्याहून मोठा गाढवपणा सांगतो. घरातली तापाची गोळी चतकोर द्यावी का, असं विचारलं तर त्या ओरडल्याच माझ्यावर. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला निस्तरता येत नाही, रक्त बिघडतं, तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो.

रोज ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, पण वरचेच केस भिजायचे. मांजराच्या जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ असतात. ते लाळ उचलून थेट केसांच्या मुळाशी पोचवतात, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. फडकं काय पुरं पडणार त्याला!

आता डॉक्टरांचं औषध चालू आहे. वाळूचा ट्रे कमी काठाचा आणला, खिडकीखाली पाट ठेवला, खाणं मोजून देतो. दुधावर बंदी आहे, पण आई चोरून देते, मी पाहिलंय.

काल दुपारी गच्चीवर उन्हात भुरी मागे वळली आणि कंबरेपर्यंत जीभ नेली. शेपटीपर्यंत काही पोचेना. थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग आई खाली जाऊन आपली जुनी फणी घेऊन आली.

होळीला येतोयस ना? या वेळी खोकं आणू नकोस.

तुझा,
नंदू