नव्या सेवाक्षेत्रात गेलेल्या मुलास

भायखळा, मुंबई

चिरंजीव बाळास आईचा प्रेमाचा सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सुवार्तेच्या सेवेसाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला गेल्यापासून तू फोनवर "सगळे ठीक आहे" एवढेच सांगत होतास. पत्रात मात्र मन मोकळे केलेस, याचे मला समाधान वाटले. नवापूरला तुला तिथली मावची बोली बोलता येऊ लागली होती, लोक घरच्यासारखे वागवू लागले होते आणि नेमकी तेव्हाच बदली झाली. आता पावरी बोली बोलणाऱ्या लोकांत पुन्हा बोट दाखवून प्रत्येक वस्तूचे नाव विचारावे लागते, आणि ज्या पाड्यावर तुला काम सांगितले आहे तेथील पुष्कळ घरांची दारे बंद आहेत. "येथे माझी कुणाला गरज आहे असे वाटत नाही," हे तुझे वाक्य मी पुनःपुन्हा वाचले.

ती दारे तुला पाहून बंद झालेली नाहीत. दिवाळी झाली की सातपुड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि बहुतेक जण होळीच्या सुमारास परततात, कारण त्या डोंगरात होळीएवढा मोठा सण दुसरा नाही. तोवर गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले. मला तर वाटते, नव्या माणसाने याच दिवसांत तेथे पोहोचावे. म्हाताऱ्यांना बोलायला सवड असते आणि ऐकणारा कुणी नसतो. तू त्यांच्या ओट्यावर बसून ऐक. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरतील तेव्हाही जा, पण पत्रके घेऊन जाऊ नकोस. कोण कुणाचा मामा, कोण कोणत्या पाड्यावरचा, कुणाच्या घरी यंदा दुःख झाले, एवढे कळले तरी त्या दिवसाचे काम झाले असे समज.

नवे क्षेत्र मिळाले की लगेच काही करून दाखवावे, अशी घाई तुम्हा तरुण सेवकांना होते. महिन्याच्या अहवालात काय लिहावे ही काळजीही त्यामागे असते, हे मी जाणते. पण स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरले तेव्हा आधी मराठी शिकण्यासाठी कोकणात हर्णै-बाणकोटकडे गेले, आणि मगच मुंबईच्या कामाला लागले. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले, पण भाषेसाठी दिलेले ते दिवस त्याआधीचे आहेत. पावरीसाठी तूही तसाच वेळ दे आणि अहवालात निःसंकोचपणे लिही की, या महिन्यात मी भाषा शिकलो.

आपली मुंबईही एके काळी कुणाचे तरी नवे क्षेत्रच होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये येथे आले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. अर्जविनंत्या करून ते कसेबसे राहिले. पुष्कळ वर्षे त्यांचे ऐकून फारसे कुणी ख्रिस्ती झाले नाही. तरीही हॉल रस्त्यारस्त्यांवर मराठीत बोलत राहिले आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले, तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. फळ मोजायला बसले असते, तर त्यांना एवढी वर्षे येथे राहताच आले नसते.

नवापूरच्या लोकांची आठवण येते, याची लाज बाळगू नकोस. प्रेषित पौलाने इफिस येथील मंडळीच्या वडीलधाऱ्यांना मिलेत येथे बोलावून त्यांचा निरोप घेतला, तेव्हा ते सर्व त्याच्या गळ्यात पडून रडले, असे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. तीन वर्षे ज्यांच्यात राहिला त्यांना त्याने देवाच्या हाती सोपवले आणि तो तारवात बसला. तूही तेथील मंडळी आता प्रभूच्या हाती सोपव. तेथे नव्याने आलेल्या सेवकबंधूला रोज फोन करून हे असे कर, ते तसे कर, असे सांगत बसू नकोस. त्याने त्याचेही मन खचेल आणि तुझेही धडगावात रमणार नाही.

एक गोष्ट मी आई म्हणून निक्षून सांगते. तू कुणाला दवाखान्यात नेशील, कुणाचा रेशन कार्डाचा अर्ज भरून देशील. त्याच्या बदल्यात त्याने प्रार्थनेला यावे अशी अपेक्षा मनातसुद्धा धरू नकोस. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने तुला धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच अनुच्छेदाने त्या पाड्यावरच्या माणसाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. याहामोगी देवीला मानणाऱ्या घरात तू पाहुणा आहेस. त्यांच्या देवदेवतांविषयी एकही हलका शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नये. कुणी प्रभूविषयी विचारले तर मात्र संकोच न करता, साध्या शब्दांत सांग. भुकेल्या किंवा आजारी माणसाच्या अडचणीतून काढून घेतलेला होकार प्रभूला नको आहे, अशी माझी पक्की श्रद्धा आहे.

आता थोडे माझ्या नोकरीतल्या अनुभवाचे. त्या भागातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. एखादे मूल वारंवार हातपाय आणि सांधे दुखतात म्हणून रडत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर अंगदुखीची गोळी देऊन थांबू नकोस. रक्ततपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. अशा मुलांना थंडी, उन्हातली दमछाक आणि पाणी कमी पिणे बाधते, हे घरच्यांना समजावून सांग. थंडीतापाचे रक्तही तपासून घ्यावे, अंदाजाने मलेरियाचे औषध देऊ नये. स्वतः मच्छरदाणीत झोप आणि पाणी उकळून पी, कारण तू आजारी पडलास तर ज्यांना भेटायला गेलास त्यांच्यावरच तुझा भार पडेल.

पुढच्या रविवारी आपल्या मंडळीतील एक कुटुंब खान्देश एक्सप्रेसने नंदुरबारला निघाले आहे. त्यांच्याबरोबर लोकरीचा स्वेटर, दोन चादरी आणि वह्या पाठवते. वह्यांत पावरी शब्द उतरवून घे. पाड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांविषयी आणि मुलांविषयी उत्तरात सविस्तर लिही, म्हणजे बुधवारच्या स्त्रियांच्या प्रार्थनासभेत आम्हांला त्यांच्यासाठी नावानिशी प्रार्थना करता येईल. बाबांचाही तुला सलाम.

तुझी,
आई